माझदा एमएक्स-5 : वळणाची भाषा आणि बदललेलं सस्पेन्शन

माझदा म्हटलं की आपल्याकडे अनेकांना स्वराज माझदाच्या मिनीबस आणि छोटे ट्रक आठवतात. हिरोशिमाच्या त्याच कंपनीने फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दोन माणसांची, उघड्या टपाची एक लहानशी गाडी मांडली : एमएक्स-5, अमेरिकेत मिआटा. जुन्या ब्रिटिश रोडस्टरची गंमत असलेली, पण रोज सकाळी विनातक्रार सुरू होणारी गाडी बनवावी, हा आग्रह बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराचा. पुढे तो माझदातच नोकरीला लागला. जपानमध्ये प्रकल्पाची धुरा तोशिहिको हिराई यांच्याकडे होती. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून 2000 मध्ये गिनीजने तिची नोंद घेतली आणि 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

पहिल्या पिढीच्या या गाडीचं इंजिन 1.6 लिटरचं, ताकद सुमारे 115 अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. सरळ रस्त्यावर तिला मागे टाकणाऱ्या गाड्या तेव्हाही पुष्कळ होत्या. ती खुलते वळणावर. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, इंजिन पुढच्या आसाच्या मागे घेतलेलं, पुढे-मागे वजनाची जवळजवळ समान वाटणी. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे हिराईंच्या चमूचं ध्येय होतं. म्हणूनच त्यांनी रुंद टायर बसवले नाहीत. 185 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मऊ स्प्रिंगा यांमुळे ही गाडी वळणात ठळकपणे झुकते, आणि चालकाला कळतं की आता किती ताण आलाय.

तरीही मालक सस्पेन्शन बदलतातच. जाड अँटी-रोल बार, कडक स्प्रिंगा, घट्ट शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसले की गाडी ताठ राहते, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते आणि पहिल्याच वळणावर वाटतं, पकड दुपटीने वाढली. इथे थोडं गणित करायला हवं. 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर टायर 0.85 जी इतकी बाजूची पकड देत असेल, तर गाडी ताशी 57 किलोमीटरने ते वळण घेऊ शकते. सुधारणेनंतर पकड 0.90 जी झाली, तरी वेग जेमतेम साडेअठ्ठावन्नपर्यंत जातो. फरक दीड किलोमीटरचा. आत्मविश्वास मात्र दहाने वाढलेला असतो. धोका आहे तो या तफावतीत.

वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. एकूण किती सरकेल, हे मुख्यतः गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. कडक बार झुकणं कमी करतो, हे सरकणं जवळपास तेवढंच राहतं. बार बदलल्यावर खरा फरक पडतो तो पुढचा आस किती भार सरकवतो आणि मागचा किती, या वाटणीत. टायरवरचा भार दुप्पट केला, तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या आसावर दोन चाकांमधली विषमता वाढते, त्या आसाची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला तर गाडीचं नाक वळणाबाहेर ओढलं जातं, मागचा जाड केला तर मागची बाजू लवकर सुटते. शिवाय गाडी फार खाली बसवली, तर वळणात सस्पेन्शन रबरी थांब्यावर जाऊन टेकतं. त्या क्षणी ते चाक एकदम कडक होतं आणि तिथली पकड फारशी सूचना न देता सुटू शकते.

मग सीमा ओळखायची कशावरून? सर्वात विश्वासू साक्षीदार म्हणजे स्टिअरिंग. वळणाऱ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळवटतो आणि त्यातून चाकाला सरळ करू पाहणारा जोर तयार होतो. स्टिअरिंग जड लागतं ते बरंचसं यामुळे. पकड शिखरावर पोहोचण्याआधीच त्या भागाची मागची कड घसरू लागते आणि हा जोर ओसरतो. जड होत गेलेलं स्टिअरिंग किंचित हलकं झालं, की पुढच्या टायरांकडे शिल्लक थोडी आहे. अलाइनमेंट करताना कॅस्टर खूप वाढवला, तर त्याचा वेगळा जडपणा या खुणेला झाकून टाकतो. मागच्या चाकांची बातमी कमरेतून आणि पाठीतून कळते : गाडी आपण मागितलं त्यापेक्षा जास्त फिरू लागते. टायरचा आवाजही ऐकण्यासारखा असतो. एकसुरी कुरकुर म्हणजे टायर काम करतोय, आवाज कर्कश होत गेला की तो हरू लागलाय.

जुन्या सस्पेन्शनवर या सगळ्यासोबत झुकण्याचाही अंदाज असे. आता तो उरलेला नाही, म्हणून बाकीच्या खुणा नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्या सार्वजनिक रस्त्यावर शिकायच्या नसतात. बंद ट्रॅकवर किंवा मोकळ्या डांबरी मैदानात एकच वर्तुळ धरायचं, स्टिअरिंग स्थिर ठेवायचं आणि वेग हळूहळू वाढवायचा. कोणतं टोक आधी सुटतं, हे तिथे कमी वेगात आणि पुरेशा जागेत समजतं. मग त्याच वर्तुळावर अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडून बघायचा, कारण वजन पुढे आलं की मागची बाजू कशी वागते, हे स्थिर वेगात कळत नाही. ओल्या जमिनीवर हाच धडा आणखी कमी वेगात मिळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : आज टायरची हवा, नंतर बार, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एखादा टप्पा. सगळं एकदम बदललं, तर कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येणार नाही.

सस्पेन्शनची सुधारणा घड्याळावर मोजायची सवय आपल्याला लागली आहे. एमएक्स-5 ज्या विचाराने घडली, त्यात दुसरी कसोटी अधिक मोलाची आहे : सुटण्याआधी गाडी किती लवकर आणि किती स्पष्ट सांगते? दीड किलोमीटर वेग मिळवून ती सूचना गमावली असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. अशा वेळी बार एक टप्पा सैल करावा. सेकंदाचा काही अंश जाईल, पण चालकाला सावरायला वेळ मिळेल, आणि सीमेजवळ गाडी चालवणाऱ्याला सर्वात जास्त गरज त्याच वेळेची असते.