चिंचोक्याचे मोल

माघ सरून फाल्गुन लागला की सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव ह्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत चिंचेचे व्यापारी खेडोपाडी फिरू लागतात. बांधावरच्या झाडाकडे खालून एकवार पाहावयाचे, ठोक रक्कम सांगावयाची, आणि मालकाने होकार दिला की चार माणसे लावून झाड झोडपून घ्यावयाचे, असा हा व्यवहार असतो. त्यात वजनकाटा कोठेच येत नाही. झाड आजोबांनी लावलेले, पाणी घातलेले नाही, खत दिलेले नाही; तेव्हा मिळाले तेवढे पदरात पडले, असे शेतकरी मानतो. काही घरी मात्र चिंच घरीच फोडतात. ओसरीवर बसून बायका गर वेगळा करितात आणि चिंचोके कोपऱ्यातल्या पोत्यात जाऊन पडतात. पुढे त्या पोत्याचे काय झाले हे सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक हिशेब विचार करण्याजोगा आहे. शंभर किलो पक्के आकडे फोडले असता साधारणतः 55 किलो गर, 34 किलो चिंचोके आणि 11 किलो टरफल व शिरा निघतात. म्हणजे मालाचा तिसरा हिस्सा बियांचा असतो. झाड ठोक देणारा शेतकरी हा तिसरा हिस्सा न मोजताच देऊन टाकतो.

चिंच ही आपल्या मातीतलीच, असा सर्वांचा समज आहे. तिचे शास्त्रीय नावही ‘टॅमॅरिंडस इंडिका’ असे आहे, आणि ते ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानातील खजूर ह्या अरबी नावावरून पडले आहे. तथापि ह्या वृक्षाचे मूलस्थान उष्ण कटिबंधातील आफ्रिका हे होय. आपल्याकडे तो इतक्या प्राचीन काळी आला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. पश्चिम आफ्रिकेत द्विदल वर्गातीलच दुसरा एक वृक्ष, पार्किया, शेतकरी जमीन साफ करताना मुद्दाम राखून ठेवितात. त्याच्या बिया शिजवून, आंबवून कालवणाला चव आणण्यासाठी वापरतात. तेथील गृहिणीच्या लेखी बी हेच त्या झाडाचे मुख्य उत्पन्न आहे. आपण मात्र चिंचेचा गर घेतला आणि बी मुलांच्या खेळाला दिली.

जुन्या लोकांना चिंचोक्याची किंमत ठाऊक होती. घोंगडी विणणारे कारागीर चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करीत आणि ती लोकरीच्या सुताला देत. त्यामुळे धागा ताठ राहतो व मागावर तुटत नाही. 1942 साली घोष व कृष्ण ह्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की सोललेल्या चिंचोक्यात 46 ते 48 टक्के चिकट, घट्ट होणारा पदार्थ असतो. तेव्हापासून सुती व तागाच्या सुताला कांजी देण्यासाठी आणि कापडावरील छपाईचा रंग दाट करण्यासाठी चिंचोक्याचे पीठ गिरण्यांत जाऊ लागले. हाच पदार्थ शुद्ध करून जपानात खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरतात, आणि डोळ्यांत घालावयाच्या काही थेंबांतही तो असतो. इतका प्रवास करणारी वस्तू शेतकऱ्याच्या दारातून बिनमोलाने निघते, हे खटकण्यासारखे आहे.

खाण्याच्या दृष्टीनेही चिंचोका टाकाऊ नाही. त्याच्या मगजात सुमारे 15 ते 20 टक्के प्रथिने असतात. मात्र वरची तपकिरी साल तुरट असते आणि ती पोटात गेल्यास मलावरोध होतो. ती काढलीच पाहिजे. चिंचोके तापलेल्या वाळूत भाजावेत, गरम असतानाच बडवून साल पाखडून टाकावी, आणि मगज रात्रभर भिजवून शिजवावा किंवा दळावा. नुसता भाजलेला चिंचोका दातांची परीक्षा पाहतो, हे ज्याने बालपणी खाल्ला त्यास सांगावयास नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिंच द्विदल वर्गातील असली तरी तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत. म्हणून ‘झाडाखाली जमीन आपोआप सुधारेल’ असे शेतकऱ्यास सांगू नये. दाट सावलीमुळे खालचे पीक उलट खुरटते. झाडाखाली भूत असते ही समजूत ह्या निर्जीव दिसणाऱ्या जमिनीमुळेही बळावली असावी. चिंचेची जागा बांधावर, पडीक तुकड्यावर किंवा मुरमाड माळावर आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट किडीची आहे. चिंचोका पोखरणारा भुंगेरा आणि साठवणीतील भुईमुगाच्या शेंगा पोखरणारा भुंगेरा हे एकच होत. मादी टरफलावर अंडी घालते, अळी आत शिरून बी खाते, आणि पुढे कागदासारखा पातळ कोष करिते. झाडावर राहिलेले व खाली पडलेले जुने आकडे हे ह्या किडीचे माहेरघर आहे. ज्या घरी भुईमुगाचे बियाणे राखतात, तेथे त्याच खोलीत चिंचोक्याचे पोते ठेवणे म्हणजे पेरणीपूर्वीच बियाणे गमावणे होय. सर्व आकडे वेळेवर उतरवावेत, पडलेले गोळा करून जाळावेत, चिंचोके कडक उन्हात वाळवून लवकर विकावेत, आणि भुईमुगाच्या शेंगा तोंड शिवलेल्या पोत्यांत वेगळ्या जागी ठेवाव्यात.

नवी लागवड करणाऱ्याने बी रुजवून वाट पाहू नये. रोपाला फळ धरावयास आठ-दहा वर्षे लागतात आणि गर कसा निघेल याचा भरवसा नसतो. कलम चार-पाच वर्षांत फळते आणि मातृवृक्षाचे गुण राखते. छत्रपती संभाजीनगर येथील हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्राची ‘प्रतिष्ठान’ ही जात मराठवाड्याच्या कोरड्या हवेत निवडली गेली असल्याने नाशिकच्या पूर्व भागासही ती मानवण्याजोगी आहे. एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डे दहा मीटर अंतरावर उन्हाळ्यात घेऊन ठेवावेत. पहिले दोन उन्हाळे मडक्याने का होईना पाणी द्यावे. बरीच कलमे ह्याच दोन उन्हाळ्यांत मरतात. 2018 साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत चिंचेचा समावेश केलेला आहे.

वीटभट्टीसाठी जुनी झाडे विकण्याचा मोह अडचणीच्या वर्षी होतो. चिंच ही 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाच्या अनुसूचीतील झाड आहे. ते स्वतःच्या शेतात असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे सांगताना केवळ कायदा पुढे करू नये. त्याने एका झाडाचे आकडे मालकासमक्ष उतरवावेत, गर आणि चिंचोके वेगवेगळे तोलावेत, आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने झालेली रक्कम व्यापाऱ्याच्या ठोक बोलीशेजारी कागदावर मांडून दाखवावी. फोडण्याची मजुरी त्यातून वजा करण्यास मात्र विसरू नये.