कानाच्या पाळीवरून घरात भांडण कशाला?

शहरांतील आमच्या वस्त्यांमध्येही आता काही तरुण मुले-मुली कानाच्या पाळीचे भोक वाढवून त्यात रुंद कडी किंवा चकती घालताना दिसतात. त्याला ते 'टनेल', 'प्लग' म्हणतात. घरात कळले की एकच गहजब! आई रडते, बाप बोलणे टाकतो आणि पोरगा दार आपटून निघून जातो. आमच्या मते हे टाळता येते.

प्रथम तरुणांना सांगतो. आई-बापांचा राग हा नुसता जुनाटपणा नव्हे. कोणी कोणता दागिना ल्यावा हे या देशात जात ठरवीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितले, की गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या. आमच्या आजी-पणजींनी ती टाकली. ज्या समाजाने अंगावरची खूण प्रयत्नपूर्वक पुसली, त्याच्या पोटात मुलाच्या अंगावर नवी खूण पाहून धस्स होणारच. नोकरीच्या मुलाखतीत आपल्या मुलाकडे आधीच वाकड्या नजरेने पाहिले जाईल, ही त्यांची भीती खोटी आहे काय?

आता पालकांना विचारतो. हे खूळ परदेशातूनच आले, असे तुम्ही कशावरून म्हणता? जड दागिन्यांनी ओघळलेले कान खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांचे आपण पाहिलेले आहेत. तामिळनाडूच्या दक्षिण भागात वृद्ध स्त्रियांच्या लांब पाळ्यांत 'पांबडम' नावाचे वजनदार दागिने असत. आणि ज्या बुद्धमूर्तीपुढे आपण रोज हात जोडतो, तिचे कान पाहा. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांमुळे ते लांबले, दागिने त्यागले तरी खूण उरली, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. तेव्हा लांब कान म्हणजे बिघडलेला मुलगा, हे समीकरण टिकत नाही!

मग बोलायचे कशावर? वस्तुस्थितीवर. भोक एकदम वाढवले तर पाळी फाटते, पिकते. एकेक मिलिमीटरने वाढवायचे, मध्ये काही आठवडे थांबायचे, वस्तू निर्जंतुक हवी. साधारण आठ-दहा मिलिमीटरच्या पुढे गेलेली पाळी आपोआप पूर्ववत होईलच असे नाही. मग शस्त्रक्रियेने टाके घालावे लागतात, आणि तो खर्च कुणाच्या खिशातून जाणार? ज्यांच्या अंगावर जखमेचा वण गाठीसारखा वाढतो, त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारलेच पाहिजे.

तरुणांनो, कान टोचून आल्यावर नव्हे, टोचण्याआधी बोला. किती मोठे करणार, कुठे करणार, पुढे कोणत्या नोकरीचा विचार आहे, हे स्वतःहून सांगा. अठरा वर्षे पूर्ण नसतील तर थांबा. पालकांनो, 'लोक काय म्हणतील' हे कारण देऊ नका; लोकांच्या म्हणण्यावर चाललो असतो तर आम्ही गावकुसाबाहेरच राहिलो असतो. कालामांना बुद्धांनी सांगितले, की केवळ परंपरेने आले म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. फॅशनलाही हाच नियम लावा, आणि बापाच्या हुकुमालाही!