मुक्तांगण : व्यसनमुक्तीचा सामूहिक मार्ग

उपचार-समुदाय म्हणजे व्यसनाधीन व्यक्तींनी एकत्र राहून, कामे वाटून घेऊन आणि परस्परांना आरसा दाखवत बरे होण्याची पद्धत असून, तिचा उगम १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘सिनॅनॉन’ संस्थेत सापडतो. महाराष्ट्रात तिच्याशी नाते सांगणारे मुक्तांगण केंद्र डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात उभारले. तेथे व्यसनातून सावरलेले अनेक जण पुढे समुपदेशक होतात, कारण दारू सुटताना हात का थरथरतो, झोप का उडते, हे त्यांनी स्वतः भोगलेले असते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटसारख्या गावी परतणाऱ्याला मात्र जुने सोबती वाटेतच भेटतात. म्हणून कुटुंबाची साथ आणि नियमित पाठपुरावा हाही उपचाराचाच भाग ठरतो.