एका पापणीची तक्रार

गाडीच्या अंगात दडणारे आणि गरजेपुरते वर येणारे दिवे १९३६ सालच्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीत अवतरले. ते चालकालाच दांडा फिरवून उघडावे लागत. आता नव्या गाड्यांतून ही तऱ्हा जवळजवळ लोपली आहे. उरल्या त्या जुन्या गाड्या आणि त्यांच्या तक्रारी. १९८९ साली आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ ही त्यांपैकी सर्वांच्या ओळखीची.

या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर आहे. त्यामुळे टोसिसच्या रुग्णाला पाहताना आपण जे प्रथम पाहतो, तेच येथेही पाहावे: लक्षण एका बाजूचे की दोन्ही? दोन्ही पापण्या मिटलेल्या असतील, तर दोष बहुधा सामाईक मार्गात, म्हणजे फ्यूज, रिले वा स्विचमध्ये. एकच मिटलेली असेल, तर त्या बाजूची मोटर, कनेक्टर आणि अर्थिंग तपासावे. मग कान द्यावा. मोटर फिरते पण दिवा हलत नाही, तर जोडदांडा निखळलेला वा झिजलेला. आवाजच नसेल, तर वीज तेथवर पोहोचते का हे टेस्ट लॅम्पने पाहावे. एवढे न करता थेट मोटर बदलणे म्हणजे तपासणीआधीच शस्त्रक्रिया!

रात्री वाटेतच दिवा अडला, तर मोटरवरील रबरी टोपणाखालची मूठ फिरवून तो वर आणता येतो. त्यापूर्वी उचल-मोटरचा फ्यूज काढणे अनिवार्य. यंत्रणा अकस्मात हलल्यास बोटे सापडतात, आणि आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ बोटांवरच आहे. दिव्याच्या प्रकाशाचा फ्यूज निराळा असल्याने उजेड मिळतो. दिवा उघडाच ठेवून घर गाठावे.