कचरा उचलला, पुढे काय?

गंजलेला झोपाळा, उखडलेल्या फरश्या, फाटकाला कायमचे कुलूप आणि कोपऱ्यात कमरेइतके माजलेले गवत. शहरातल्या बहुतेक प्रभागांत असे एक उद्यान असतेच. अधूनमधून तिथे श्रमदान होते. टोप्या, झाडू, दहा-वीस पोती कचरा, फोटो. एक पावसाळा गेला की उद्यान पुन्हा होते तसे. श्रमदानाला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण आरोग्याच्या दृष्टीने ते काम अर्ध्यावर सुटलेले असते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात याची औषधांची घेतात तशी रीतसर चाचणी झाली. शहरातील ५४१ ओसाड भूखंड, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गटांत वाटले गेले. पहिल्या गटात कचरा काढून जमीन सारखी केली, गवत व थोडी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले आणि लोकांना आत जाता यावे म्हणून त्यात वाट ठेवली. दुसऱ्या गटात नियमित साफसफाई केली, पण हिरवळ केली नाही. तिसऱ्या गटाला हातच लावला नाही. आसपासच्या रहिवाशांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले गेले.

निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, हिरव्या केलेल्या जागांजवळ ‘उदास वाटते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. गरीब वस्त्यांत ही घट ६८ टक्के होती. नुसती साफसफाई झालेल्या जागांजवळ मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ही माणसांनी स्वतः सांगितलेली अवस्था आहे, डॉक्टरांचे निदान नव्हे. शिवाय त्या जागा मोकळे भूखंड होते, उद्याने नव्हती. तरीही एका भूखंडामागे सुमारे १,६०० डॉलर, म्हणजे महापालिकेच्या हिशेबात किरकोळच खर्च, आणि त्यातून इतका फरक पडत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडेल.

म्हणून झाडू हाती घेण्याआधी चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी उद्यानात नुसते बसून पाहावे. कोण येते, कोण फाटकापासून परत जाते? संध्याकाळी सातनंतर बायका दिसत नसतील तर प्रश्न बहुधा बंद दिव्यांचा असतो. आजी-आजोबा येत नसतील तर बाक सावलीत आहे का आणि वाट सपाट आहे का, हे तपासावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटे चालायला जागा हवी, आणि तिथे जावेसेही वाटायला हवे.

मग गवत. ओसाड उद्यानात बहुतेक वेळा माजलेले असते ते गाजरगवत, गावाकडचे काँग्रेस गवत. आपल्याकडे याची ठळक नोंद झाली ती १९५०च्या दशकात पुण्यात. परदेशी गव्हातून ते आले असे मानतात. त्याच्या संपर्काने अंगाला खाज व पुरळ उठते आणि परागकणांमुळे शिंका, दमा बळावतो. दम्याच्या किंवा त्वचेच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्यांवर सोपवावे. बाकीच्यांनी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क घालूनच उतरावे. वेळ महत्त्वाची: पावसाने माती मऊ असताना आणि फुलोरा येण्याआधी, मुळासकट उपटावे. वरून कापले तर ते पुन्हा फुटते, आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. मोकळी झालेली जमीन तशीच ठेवू नये. तिथे टाकळ्याचे बी फेकावे. तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. हा तोच टाकळा, ज्याच्या कोवळ्या पाल्याची पावसाळ्यात भाजी होते.

बंद पडलेले कारंजे हे दुसरे दुखणे. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे हौद, शहाळ्यांच्या कवट्या, फेकलेले टायर, प्लास्टिकचे पेले आठवड्यातून एकदा रिकामे करावेच लागतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात, म्हणून कडा घासाव्यात. पालापाचोळा जाळणे तर पूर्ण बंद हवे. तो धूर नेमका पहाटे फिरायला येणाऱ्यांच्याच छातीत जातो. कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून पाचोळा ओलसर ठेवला, थोडे शेणपाणी शिंपडले, तर काही महिन्यांत खत मिळते. गाजरगवत फुलावर आले असेल तर मात्र ते या पिंजऱ्यात टाकू नये.

उद्यान महापालिकेचे असल्याने उद्यान विभागाला लेखी कळवून मगच काम सुरू करावे. अर्जात ‘सुधारणा करा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा किती दिवे बंद, कोणता नळ तुटका, माळी कोणत्या दिवशी येतो हे लिहिलेले बरे. अशा अर्जाला ‘पाहतो’ एवढेच उत्तर देणे अवघड जाते. झाडाची फांदी अडचणीची वाटली तरी परस्पर कुऱ्हाड चालवू नये. १९७५च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

नवी झाडे जूनमध्ये, दोन पाऊस झाल्यावर लावावीत: कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण. बुंध्याभोवती सिमेंट नको, आळे हवे आणि त्यावर पाचोळ्याचे आच्छादन. रोपे मरतात ती बहुतेक पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावी गेल्यावर. म्हणून रोपांची संख्या पाणी घालणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवावी. आठ घरे तयार असतील तर दहा-बारा रोपे खूप झाली, आणि मे महिन्यात कोण कधी गावी जाणार हे फेब्रुवारीतच विचारून पाण्याच्या पाळ्या लावाव्यात.