जात्याला टाकी हवी

माळ्यावरून किंवा गोठ्याच्या कोपऱ्यातून निघालेलं जुनं जातं हल्ली बागेत मांडलेलं दिसतं. कुणी त्यावर कुंडी ठेवतं, कुणी हॉटेलच्या दारात शोभेला लावतं. असं जातं दिसलं की मी त्याच्या घास टाकायच्या तोंडात बोट घालून वरच्या तळीची आतली बाजू चाचपतो. ती बहुधा गुळगुळीत लागते. म्हणजे हे जातं बागेत यायच्या कितीतरी आधीच दळायचं थांबलेलं असतं. त्याला टाकी लावणारं, म्हणजे छिन्नीने तळ्या पुन्हा खडबडीत करणारं माणूस येईनासं झालं, तेव्हाच ते थांबलं.

जात्याबद्दल आपण भरभरून बोलतो ते ओव्यांमुळे, आणि ते योग्यच आहे. पण जातं हे आधी एक यंत्र आहे आणि त्याची देखभाल हे एक शास्त्र आहे. ते शास्त्र ज्यांच्या हातात होतं त्यांची आठवण फारच थोड्यांनी ठेवली, म्हणून हा लेख.

जात्याची रचना सोपी दिसते. खालची तळी बसती, वरची फिरती. मधोमध खीळ, वर घास टाकायचं तोंड, कडेला खुंटा. खरी कारागिरी असते ती दोन तळ्यांच्या आतल्या, नजरेआड असलेल्या बाजूंत. तोंडाजवळ दोन्हींत किंचित पोकळी असते, म्हणजे अख्खा दाणा आत शिरू शकतो. कडेकडे जाताना ती पोकळी मिटत जाते. वरची तळी फिरते तसा दाणा मधून कडेकडे सरकतो, वाटेत आधी फुटतो, मग चुरडला जातो आणि कडेला पीठ होऊन गळतो. त्याला फोडतात टाकीने पाडलेल्या बारीक खळग्यांच्या, म्हणजे टाच्यांच्या कडा. त्या कडा झिजल्या की दाणा नुसता घसरतो आणि चेपला जातो, दळणारीच्या खांद्यावर भार येतो, पीठ गरम आणि भरड पडतं.

घासही हिशेबाने घालावा लागतो. मूठ मोठी झाली की वरची तळी उचलली जाऊन पीठ जाड येतं. घास कमी पडला तर दगड दगडावर घासतो आणि पिठात कचकच येते. रिकामं जातं फिरवू नये, असं घरोघरी मुलांना बजावत. त्यामागे हे साधं कारण होतं.

दळणं महाराष्ट्रात फार जुनं. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन घरांत धान्य रगडायचे दगड सापडले, पण ते पुढे-मागे रेटायचे, आपल्या पाटा-वरवंट्याच्या जातीचे. गोल फिरणारं जातं नंतरचं. ते भारतात केव्हा आणि कसं आलं, या प्रश्नाची दखल पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी घेतली आणि १९५९मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिलं. एका मोठ्या संशोधकाला स्वयंपाकघरातला दगड लिहिण्याजोगा वाटला, याचं मला अप्रूप आहे.

दगडाच्या बाबतीत आपण भाग्यवान. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून दख्खनचं पठार घडलं आणि बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, दारात आला. त्यातला बारीक छिद्रांचा दगड जात्याला विशेष चांगला, कारण तो झिजला तरी छिद्रांच्या नव्या कडा उघड्या पडत राहतात. जर्मनीतल्या आयफेल भागात मायेनजवळचा असाच लाव्हाचा दगड रोमन काळापासून जात्यांसाठी खाणीतून काढून दूरदूर नेला जाई. अगदी घट्ट दगड मात्र लवकर गुळगुळीत होतो आणि पुन्हापुन्हा टाकी मागतो.

ही टाकी लावणारे कोण? पाथरवट आणि वडार नवी जाती घडवत, पण दारोदार हिंडून घरच्या जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावण्याचं काम बऱ्याच भागांत टकारी समाजाचं होतं. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६मध्ये निघाला. त्यात पारध्यांच्या नोंदीत टाकणकार ही शाखा येते आणि जात्याला टाकी लावणं हा तिचा धंदा सांगितलेला आहे. ब्रिटिश सरकारच्या दप्तरात मात्र अशा भटक्या कारागिरांकडे पाहणारी नजर संशयाची होती. घरात शिरून काम करणारा माणूस घराची टेहळणी करत असणार, असं गृहीत धरलं जाई. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची वाट काढली. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. १९५२मध्ये कायदा रद्द झाला. टकारी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

या गोष्टीने मी अस्वस्थ होतो. ज्याच्या छिन्नीवाचून गावात भाकरी होत नव्हती, त्यालाच पोलिसांत हजेरी लावायला सांगितलं गेलं. गावाने त्याला पायलीभर धान्य दिलं, पण वेशीच्या आत राहायला जागा दिली नाही. जात्याचं कौतुक करताना हा हिशेब विसरता येत नाही.

ओव्यांचं नशीब बरं. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हॅं या अभ्यासकांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या गेल्या. आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायांच्या नावांसह वाचता-ऐकता येतात. त्याच आस्थेने कुणी टकाऱ्यांकडे बसायला हवं. कोणत्या दगडाला किती खोल टाचा, तोंडाजवळ विरळ आणि कडेला दाट का, हातोडी कुठून धरायची, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. जाणते हात आता म्हातारे झाले आहेत.

रोजचं दळण पुन्हा बायांच्या गळ्यात पडावं, असं मी चुकूनही म्हणणार नाही. पहाटे अंधारात उठून घरभराचं पीठ काढणं हे जिवावरचे कष्ट होते. गिरणी आली आणि पिढ्यांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. पण काही कामं जातं आजही गिरणीहून सरस करतं. हरभऱ्याची, मुगाची डाळ भरडणं हे त्यातलं पहिलं. खिळीवर चिंधीची चुंबळ घालून वरची तळी जराशी उचलायची, म्हणजे दाण्याचे दोन भाग होतात आणि चुरा कमी पडतो. लापशीचा भरडा, मेतकूट, चार माणसांपुरती भाजणी, हळकुंडं हेही असंच. गिरणीत एवढं थोडं दळण नेलं की आधीच्या माणसाचं पीठ त्यात मिसळतं.

ज्वारीची गोष्ट निराळी. तिच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी ताज्या पिठावरच टिकते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. शिवाय अख्ख्या दाण्याच्या पिठात कोंब असतो आणि कोंबात तेल. काही दिवसांनी ते खवट होऊ लागतं. दोन भाकऱ्यांपुरतं दळायची सोय जात्यात आहे.

जुनं जातं वापरात आणायचं असेल तर आधी वरच्या तळीवर लाकडाने ठोकून ऐकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा असण्याचा संभव असतो, आणि असं जातं टाकी लावताना दुभंगतं. खीळ डुगडुगत असेल तर ती बदलावी, नाहीतर तळी एका बाजूला कलते आणि पीठ एकीकडेच बारीक पडतं. खुंटा बाभळीसारख्या कठीण आणि पूर्ण वाळलेल्या लाकडाचा हवा. ओल्या लाकडाचा ठोकला तर उन्हाळ्यात आकसून सैल होतो.

टाकी लावल्यानंतरचं पहिलं दळण खायचं नाही. हलक्या धान्याचे दोन-तीन घास दळून ते टाकून द्यावेत आणि पिठात खडीची कचकच येत नाहीशी होईपर्यंत हे करत राहावं. एरवी जातं पाण्याने धुऊ नये. छिद्रांत पीठ ओलं होऊन आंबतं आणि सुकल्यावर दगडासारखं बसतं. दोन्ही तळ्या वेगळ्या करून कोरड्या कुंच्याने झाडाव्यात, खिळीजवळचं पीठ नीट काढावं, कारण पोरकिडे तिथूनच सुरू होतात. हळद किंवा मसाला दळल्यावर मूठभर तांदूळ दळले की वास आणि रंग बराचसा निघतो. दळायचं धान्य उन्हात कडकडीत वाळलेलं असावं. दमट धान्याने टाचे बुजतात आणि चांगली टाकीसुद्धा वाया गेल्यासारखी वाटते.

टाकी लावणारं माणूस कुठे शोधायचं, तर गावातल्या गिरणीवाल्याला विचारावं. गिरणीच्या दगडांनाही ठरावीक काळाने टाकी लागतेच, म्हणून तो कुणाला तरी बोलावत असतो. टाकी लावणारे आले की त्यांना सावलीत बसायला जागा आणि कण उडतात म्हणून डोळ्यांवर चष्मा द्यावा. जात्याला मुलांसमोर टाकी लावून घ्यावी. आणि मजुरी ठरवताना घासाघीस करू नये. तासाभरात लावलेली टाकी आपल्याकडे कित्येक महिने चालते. त्या तासामागे आयुष्यभराचा सराव असतो आणि त्याची किंमत कुशल कारागिराच्या रोजाइतकीच धरायला हवी.