माळशेजची दरड आणि तानसाचा रानपिंगळा

टोकावडे-मोरोशीच्या पुढे कल्याण–अहिल्यानगर महामार्ग माळशेज घाट चढू लागतो आणि तेथे पावसाळ्यात दरडी कोसळतात. याच पट्ट्याच्या वायव्येला, शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात, २०१४ मध्ये रानपिंगळा आढळला, ज्या घुबडाची १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे विश्वासार्ह नोंद नव्हती आणि जे १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसले होते. या दोहोंवर लक्ष ठेवण्यास उपयोगी पडू शकणारे तंत्र म्हणजे बिनतारी बहुमाध्यम सेन्सर जाळे. कॅमेरा किंवा मायक्रोफोन, छोटा संगणक, रेडिओ आणि बॅटरी एकत्र असलेली उपकरणे, म्हणजेच नोड, रानात विखरून बसवली जातात आणि ती माहिती एकमेकांकडे सोपवत मुख्य केंद्रापर्यंत पोहोचवतात.

तापमानाची नोंद काही बाइटमध्ये मावते, चित्राचे मात्र तसे नाही. ६४० गुणिले ४८० बिंदूंचे रंगीत चित्र मूळ रूपात ९,२१,६०० बाइट भरते, आणि अशा जाळ्यांत रूढ असलेल्या सेकंदाला २५० किलोबिट वेगाच्या रेडिओवरून ते पाठवण्यास, वाटेत काहीही न हरवता, सुमारे तीस सेकंद लागतात. तेच आकुंचित करून पन्नास हजार बाइटवर आणले, तर दोन सेकंदांहून कमी वेळ पुरतो. मधल्या प्रत्येक नोडला आधी ऐकून मग तेच पुढे पाठवावे लागत असल्यामुळे प्रत्यक्ष वेग आणखी घटतो.

वीज कोठे खर्च होते, हे पाहिले तर उत्तर अनपेक्षित आहे. सीसी २४२० या प्रसिद्ध रेडिओ चिपला संदेश पाठवताना सुमारे १७ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, तर नुसते ऐकत बसण्यास सुमारे १९. त्यामुळे २५०० मिलिअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल रेडिओ सतत चालू ठेवल्यास जेमतेम पाच-सहा दिवस टिकतात. म्हणून नोडचा रेडिओ बहुतेक काळ झोपवून ठरावीक क्षणीच जागा केला जातो, कॅमेराही कमी विजेवर चालणाऱ्या हालचाल-सेन्सरने खूण दिल्यावरच उघडतो. ग्रेगरी पॉटी आणि विल्यम कायझर यांनी २००० मध्ये मांडलेला हिशोब आजही मार्गदर्शक ठरतो: एक किलोबिट माहिती शंभर मीटरवर पाठवण्याच्या ऊर्जेत त्या काळचा काटकसरी प्रोसेसर सुमारे तीस लाख सूचना पार पाडू शकत होता. म्हणजे काय पाठवायचे नाही, हे नोडनेच जागेवर ठरवणे हीच मोठी बचत आहे.

जाळ्याच्या सेवेचा दर्जा, म्हणजे माहिती किती लवकर आणि किती अचूक पोहोचते, हा एकच आकडा नसतो, हे येथे स्पष्ट होते. दरडीचे चित्र पुसट आले तरी चालेल, पण ते काही सेकंदांत पोहोचले पाहिजे. रानपिंगळ्याच्या हाकेचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी आले तरी बिघडत नाही, पण त्यातील बारकावे हरवता कामा नयेत. जाळ्याने पहिल्याला अग्रक्रमाची वाट द्यावी आणि दुसऱ्याला साठवून, नोडच्या सौर पॅनेलला ऊन मिळेल तेव्हा पाठवावे, हे उघड आहे. तरीही अनेक प्रयोगांत सर्व माहितीला सारखीच वागणूक दिली जाते, ही खेदाची बाब आहे.

या भागात ऋतू हीच खरी कसोटी आहे. वणव्याच्या मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो आणि सौर पॅनेलला ऊन भरपूर मिळते. जुलैमध्ये ढगांमुळे वीज घटते, ओल्या दाट पानांमुळे रेडिओ लहरी क्षीण होतात आणि नेमकी तेव्हाच दरडीची भीती सर्वाधिक असते. त्यामुळे बॅटरीचा आकार वार्षिक सरासरीवर नव्हे, तर सलग ढगाळ दिवसांवर ठरवावा लागतो, आणि मुख्य केंद्राजवळच्या नोडवर सर्वांच्या संदेशांचा भार पडून ते आधी संपत असल्याने त्यांना मोठे पॅनेल द्यावे लागते.

कातकरी, ठाकूर आणि वारली बायका याच रानात मोहफुले आणि सरपण गोळा करतात, तेव्हा कॅमेऱ्यात त्याही येतात. चित्रात माणूस आहे एवढे नोडने ओळखले आणि ते चित्र तेथेच पुसून टाकले, तर वीज वाचतेच, शिवाय त्यांच्या नकळत त्यांची चित्रे कुणाच्या कार्यालयात साठत नाहीत. ही सोय नंतर जोडायची नसून नोड बसवण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवायची आहे.